नागपूरचा कूलर, वाशीचा घाम

‘एसी कशाला? कूलर घ्या. नागपूरला आमच्या मामांकडे भर मे महिन्यात कूलरसमोर चादर घ्यावी लागते.’ एप्रिल उजाडला की वाशीतल्या सोसायट्यांमध्ये हा सल्ला फिरू लागतो. मामांचं खरंच आहे. फक्त मामा नागपूरला राहतात.

पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, एवढंच कूलरचं भांडवल. त्याला मर्यादा आहे: ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवेल, त्याखाली कूलर जाऊच शकत नाही. नागपूरच्या दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा साधारण २३ येतो आणि चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा फेकतो. वाशीत खाडीवरचा वारा. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरा, मर्यादाच साडेअठ्ठावीस. कूलरने कितीही आटापिटा केला तरी तीसच्या आसपासची हवा मिळणार, तीही ओलीचिंब. घाम वाळत नाही, गाद्या दमट होतात. पटत नसेल तर माठ बघा: विदर्भात पाणी गारेगार, इथे जेमतेम गारसर. तत्त्व तेच.

मग पुढचा शहाणपणा: टाकीत बर्फ टाका. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, तर एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४००. म्हणजे वाफेच्या एका लिटरशी बरोबरी करायला सात किलो बर्फ लागेल. आणि तो घरच्या फ्रीजमध्ये केला असेल, तर त्याची उष्णता फ्रीजने आधीच घरात सोडलेली असते! ‘खिडक्या घट्ट लावा’ हे तर उफराटंच. नागपूरकर कूलर खिडकीत बसवून ओल्या हवेला बाहेर जायला दुसरीकडे वाट ठेवतात. मामा हे सांगायला विसरतात.

तरी दरवर्षी वाशीत कूलर खपतात, कारण मार्चमध्ये कधी जमिनीवरून कोरडे वारे येतात, खारा वारा उशिरा सुटतो आणि आर्द्रता एकदम घसरते. त्या दोन-चार दिवसांत कूलर खरोखर चालतो. तेवढ्यात घेतला जातो आणि मे महिन्यात बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या बसतात. इथे पंखा, वाहता वारा आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा जास्त उपयोगी. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा रंग द्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एसी १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबत नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. माणूस नसलेल्या खोलीत तो बंद करा. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा भाजीत घाला.

‘उष्माघात विदर्भात होतो, आपल्याकडे नाही’ हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. १६ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पारा होता ३८च्या आसपास. मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करणारं हवामान खातं किनारपट्टीवर ३७ लाच तो सुरू करतं, ते याच दमटपणामुळे.