अमेरिकन मोटारसायकल : नाव मिलवॉकीचे, माल नीमराण्याचा

आपल्या वाशिम जिल्ह्यातील व्यापाऱ्यासाठी मोटारसायकल ही कधी चैनीची चीज नव्हती. राजदूतच्या मागे कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार गाठणारे दुकानदार आमच्या पिढीने पाहिले आहेत. आता गल्ल्यावर बसणारी मुले हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन ही नावे घेतात. घेऊ द्यात, हलालची कमाई आहे, शौकही असावा. पण हा सौदा अडीच लाखांपासून चाळीस लाखांपर्यंतचा आहे आणि कापडाचे थान आपण जेवढे उलटून-पालटून पाहतो, तेवढेही या मालाला कोणी पाहत नाही. नुसत्या शिक्क्यावर सौदा होतो.

हार्ले कंपनी 1903 मध्ये मिलवॉकी शहरात सुरू झाली, इंडियन तिच्याही आधी 1901 मध्ये. दोन्हींच्या गाड्या अमेरिकेच्या सरळ आणि रुंद रस्त्यांसाठी बनल्या. बैठक खाली, पाय पुढे पसरलेले, ती क्रूझर. तिलाच पुढे मोठी काच आणि मागे सामानाच्या पेट्या लावल्या की झाली टूरिंग गाडी. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाडीचे वजन साडेतीनशे किलोच्या वर जाते आणि किंमत चाळीस लाखांच्या घरात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एवढ्या इंजिनाची धग दोन्ही मांड्यांना लागते. पाय पुढे असल्याने खड्ड्यात उभे राहून धक्का चुकवता येत नाही, तो सरळ कमरेत बसतो. राहिला समृद्धी महामार्ग. तो आपल्या जिल्ह्यातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. चाळीस लाखांची गाडी घेतली तरी कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या जुन्याच रस्त्याने जावे लागेल, ट्रकच्या मागे.

म्हणून आपल्या वाचकांपुढे खरा प्रश्न हार्लेच्या छोट्या गाडीचा आहे. हार्लेने 2010 पासून भारतात विक्री केली, हरियाणात बावल येथे कारखाना चालवला आणि सप्टेंबर 2020 मध्ये तो बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा देशात तिचे 33 विक्रेते होते. शोरूमवर भांडवल लावलेल्या त्या व्यापाऱ्यांवर काय गुजरली असेल, हे दुकानदाराला सांगायला नको. पुढे हिरो मोटोकॉर्पने विक्री, दुरुस्ती आणि सुटे भाग यांची जबाबदारी घेतली. जुलै 2023 मध्ये एक्स 440 ही गाडी 2 लाख 29 हजारांपासून बाजारात आली. एक सिलिंडर, 440 सीसी, 27 अश्वशक्ती, वजन 190 किलो. ती तयार होते राजस्थानात नीमराण्याला, हिरोच्या कारखान्यात. यात कमीपणा काही नाही, उलट सोयच आहे, कारण सुटे भाग परदेशातून येण्याची वाट पाहावी लागत नाही. फक्त आपण काय घेत आहोत हे ठाऊक असावे. आणखी एक गोष्ट : ही गाडी चालीने क्रूझर नाहीच, पाय मधोमध राहतात. क्रूझरची बैठकच हवी असेल तर रॉयल एनफिल्डची मीटिऑर 350 तिच्याहून जवळची आहे, वजनही जवळजवळ तेवढेच.

आता कराचा हिशेब पाहू. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यापुढच्या गाड्यांवर 40 टक्के लागला. मूळ किंमत दोन लाख धरली तर एकीकडे कर 36 हजार, दुसरीकडे 80 हजार. 44 हजारांचा फरक! लहान दुकानात एवढ्या रकमेत लग्नसराईचा बराच माल येतो. काही वेळा कंपनी बोजा स्वतः सोसते आणि शोरूमचा दर तेवढा वाढत नाही, म्हणून बिलावर मूळ किंमत आणि कर वेगवेगळे वाचावेत. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात 1600 सीसी आणि त्यावरील तयार आयात गाड्यांची कस्टम ड्युटी 50 वरून 30 टक्के झाली, पण तो फायदा मोठ्या गाडीवाल्यांचा. अनेक दुकानदार समजतात की दुकानाच्या नावावर बिल घेतले की जीएसटीची वजावट मिळते. अशा दुचाकीवर ती मिळत नाही. ज्यांना व्याजाच्या कर्जात पडायचे नाही, त्यांना तर सगळी रक्कम धंद्यातूनच काढावी लागते, तेव्हा हा फरक आधीच मांडून पाहावा.

नावाला भुलल्याचे एक उदाहरण जुने नाही. फ्लोरिडाच्या यूएम कंपनीने लोहिया या भारतीय कंपनीशी भागीदारी करून 2016 मध्ये दीड लाखाच्या आसपास क्रूझर गाड्या आणल्या. देखणा माल, नाव अमेरिकन, कारखाना उत्तराखंडात काशीपूरला. 2019 मध्ये कारोबार थांबला आणि गिऱ्हाईक सुट्या भागांसाठी भटकत राहिले. इंडियनच्या बाबतीतही ऑक्टोबर 2025 मध्ये तिची मालक पोलारिस कंपनी बहुतांश हिस्सा विकत असल्याचे जाहीर झाले. गाडी चांगली असली तरी, मालक बदलत असताना सुटे भाग आणि दुरुस्ती यांची लेखी हमी मागितलेली बरी.

आपल्या गल्लीतला मिस्त्री जुन्या बुलेटचा आवाज ऐकून दोष सांगायचा. एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, इंधनाचा हिशेब आता संगणक ठेवतो. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. म्हणून शोरूममध्ये मायलेजच्या आधी हे विचारावे की अधिकृत वर्कशॉप आपल्या गावापासून किती कोसांवर आहे आणि गाडी अडली तर टेम्पोत घालून नेण्याचा खर्च कोणाचा. ही सोय अकोल्यात आहे की थेट नागपूरला, यावर दुकानाचा एक दिवस जाणार की दोन, हे ठरते. (मिस्त्री बांधवांनी स्कॅनर चालवायला शिकून घ्यावे, त्यात धंदा आहे. तसेच रेक्झिन आणि चामड्याच्या बाजूच्या बॅगा शिवणाऱ्यांनाही.)

जुनी हार्ले स्वस्तात मिळते म्हणून काही जण मुंबई-पुण्याकडे किंवा दुसऱ्या राज्यात चौकशी करतात. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणून एमएच 37 वर नोंद करावी लागते, रोड टॅक्सही इथे भरावा लागतो. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेवढे नीट पाहावे. बोजा उतरल्याचे पत्र हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नये.