नभोवाणीच्या बाल्यावस्थेतील संगीत

अमेरिकेतील नभोवाणीच्या जन्मकथेत व्हायोलिनचा उल्लेख अगदी आरंभीच येतो. रेजिनाल्ड फेसेंडेन या संशोधकाने 1932 साली लिहिलेल्या एका पत्रात असे नमूद करून ठेवले आहे की, 1906 च्या नाताळच्या पूर्वरात्री मॅसॅच्युसेट्समधील ब्रँट रॉक येथील केंद्रावरून त्याने हँडेलची एक तबकडी लावली आणि मग स्वतः व्हायोलिन हाती घेऊन एक नाताळगीत वाजविले. समकालीन पुरावा हाती लागत नसल्यामुळे इतिहासकारांनी या हकिकतीविषयी शंका घेतली आहे, आणि ती रास्तच आहे. परंतु पुढील चाळीस वर्षांत या वाद्याने तेथील नभोवाणीवर जे स्थान मिळविले ते निर्विवाद आहे, आणि त्याच्या शेजारी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील लोकप्रिय गीते नांदली, हे मला त्या काळाचे खरे वैभव वाटते.

कोणत्या नादाला थारा द्यावा, हे पुष्कळ अंशी यंत्रच ठरवीत असे. कार्बनच्या कणांवर चालणाऱ्या मायक्रोफोनमागे सतत खरखर असे; प्रतिध्वनी मारण्यासाठी स्टुडिओच्या भिंतींवर जाड पडदे सोडलेले असत; आणि एका शहरातील गाणे दुसऱ्या शहरातील केंद्रापर्यंत ज्या टेलिफोनच्या तारांवरून जाई, त्या सेकंदाला सुमारे 100 ते 5000 एवढीच कंपने धडपणे वाहून नेत. घरोघरच्या यंत्रांतून खर्ज तर जवळजवळ लोपूनच जाई. व्हायोलिनची सर्वांत खालची तार मात्र 196 कंपनांची, त्यामुळे गजाखालून निघालेला मूळ स्वर त्या अरुंद वाटेतून बहुतांशी शाबूत पार होई. गायकांचेही तसेच झाले. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची ज्यांची तालीम झाली होती त्यांना मायक्रोफोन अवघड गेला, आणि रुडी व्हॅलीसारखे, जणू कानाशी बोलल्याप्रमाणे हळुवार गाणारे गायक रंगभूमीची गीते घेऊन घराघरांत शिरले.

15 नोव्हेंबर 1926 रोजी एनबीसी या केंद्रजालाचे उद्घाटन झाले, तेव्हा वॉल्टर डॅमरॉश यांचा सिंफनी वाद्यवृंद, शिकागोहून गाणारी ऑपेरा-गायिका मेरी गार्डन आणि नृत्यसंगीताचे बँड हे सारे एकाच संध्याकाळी ऐकविण्यात आले. इंग्लंडात श्रोत्यांकडून परवाना-शुल्क वसूल करून हा खर्च भागविला जाई. अमेरिकेत तो भार जाहिरातदार व्यापाऱ्यांनी उचलला, आणि त्याचा मोबदलाही त्यांनी पुरेपूर घेतला. पामोलिव्ह साबणाच्या कार्यक्रमात व्हर्जिनिया रे हिला ‘ऑलिव्ह पामर’ आणि फ्रँक मन याला ‘पॉल ऑलिव्हर’ या नावाने गावे लागले. कलावंताच्या नावावर मालाचा शिक्का मारावा, हा प्रकार मला अत्यंत गैर वाटतो. तरीही याच व्यापाऱ्यांच्या पैशामुळे, एडी कँटरच्या विनोदी संवादांसाठी कॉफी-कंपनीचा कार्यक्रम लावून बसलेल्या लक्षावधी कुटुंबांना डेव्हिड रुबिनॉफचे व्हायोलिनही ऐकावयास मिळाले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

व्हायोलिन आणि रंगभूमीची गीते यांच्या या शेजाराला 1941 साली एक विलक्षण खंड पडला. संगीतकार, गीतकार आणि प्रकाशक यांच्या ‘ॲस्कॅप’ या संस्थेने आपल्या गीतांच्या प्रसारणाचा आकार फार वाढवून मागितला. केंद्रचालकांनी तो देण्यास साफ नकार देऊन ‘बीएमआय’ ही स्वतःची संस्था आधीच उभारून ठेवली होती. आणि जुन्या कराराची मुदत संपताच, 1 जानेवारीपासून, गर्श्विन, जेरोम कर्न, कोल पोर्टर यांची रंगभूमी गाजविणारी गीते मोठ्या केंद्रजालांवरून अदृश्य झाली. त्यांच्या जागी, 1864 साली निवर्तलेल्या स्टीफन फॉस्टरची स्वामित्वमुक्त गाणी श्रोत्यांच्या कानी इतक्या वेळा पडू लागली की ऐकणारे कंटाळून गेले. बेथोव्हेनच्या व्हायोलिन-रचनांवर कोणाचाच हक्क उरला नसल्यामुळे त्यांना या तंट्याची झळ लागली नाही. ऑक्टोबरअखेरीस एनबीसी आणि सीबीएस या केंद्रजालांशी तडजोड झाली, आणि रंगभूमीची गीते परतली.

अभिजात वादन आणि नाट्यगीत यांच्यामध्ये भिंत घालू पाहणाऱ्यांनी फ्रिट्झ क्राइस्लरचे चरित्र अवश्य पाहावे. जगातील अग्रगण्य व्हायोलिनवादकांत ज्याची गणना होई, त्या या पुरुषाने व्हिक्टर याकोबी याच्यासमवेत ‘ॲपल ब्लॉसम्स’ या संगीतिकेचे संगीत रचले होते, आणि 1919 साली ब्रॉडवेवर तिचे प्रयोग झाले तेव्हा फ्रेड अस्टेअर व त्याची बहीण अडेल त्यात नाचत होती. हाच क्राइस्लर नभोवाणीपासून मात्र वर्षानुवर्षे दूर राहिला. टेलिफोन कंपनीच्या ‘टेलिफोन अवर’ या कार्यक्रमात, जेथे डोनाल्ड व्होरहीस यांच्या वाद्यवृंदासमवेत ऑपेरातील पदे, रंगभूमीची गीते आणि हायफेट्झचे व्हायोलिनवादन यांना एकसारखाच मान होता, तेथे अखेर 17 जुलै 1944 रोजी, वयाच्या 69 व्या वर्षी, त्याने प्रथम गज उचलला. कार्नेगी हॉलमधील त्याची शेवटची मैफल 1947 साली झाली. नभोवाणीवर तो 1950 पर्यंत वाजवीत राहिला.