आळ पोटावर, वास तोंडाचा

गोव्यात पेडण्याच्या बाजूला लहान मुलाच्या तोंडाला वास यायला लागला की पहिला आळ पोटावर येतो. पोट साफ होत नसेल, नाहीतर जंत झाले असतील. मग ओव्याचं पाणी, वावडिंग, एरंडेल असं सगळं करून होतं आणि वास जागच्या जागी राहिला की पोर माझ्याकडे येतं. मी मूळची हळर्णची. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात शिकले आणि आता गावाजवळच दवाखाना चालवते. इब्रामपूर, हणखणे, कासारवर्णे, कधी डिचोलीतल्या साळहूनही माणसं येतात. मुलाबरोबर आई असते आणि आईबरोबर आज्जी. निदान आज्जीने घरीच केलेलं असतं: "डॉक्टरीण, हेच्या पोटात कायतरी जालां. तोंडाची घाण येता." पोर मान खाली घालून चपलेच्या पट्ट्याशी खेळत असतं. चारचौघांत आपल्या तोंडाचा विषय निघालाय हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं, म्हणून त्याच्याशी मी आधी भलत्याच गोष्टी बोलते.

आज्जीला मी सांगते ते असं. घसा आणि जठर यांच्यामधली अन्ननलिका एरवी मिटलेली असते. घास गिळताना, ढेकर येताना, उलटी होताना ती तेवढ्यापुरती उघडते. त्यामुळे पोटातला वास यायचाच झाला तर ढेकरेबरोबर येतो आणि ढेकरेबरोबर जातो. मूल बोलताना, हसताना, कुशीत शिरताना जो वास सतत येतो, तो पोटातून वर चढून येत नाही. तो बहुतेक वेळा तोंडातलाच असतो, आणि तोंडात नसेल तर नाकात किंवा घशात. सतत आंबट पाणी वर येणारी, जेवल्यावर ओकणारी मुलं असतात. त्यांची गोष्ट वेगळी, पण ती थोडी.

जंतांबद्दलही सांगून टाकते. शाळेत आणि अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंतांची गोळी देतात, एक ते एकोणीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना. ती जरूर घ्यावी. जंतांमुळे रक्त कमी होतं, वाढ खुंटते. पण त्या गोळीने तोंडाचा वास जाईल या आशेवर राहू नये. बद्धकोष्ठाचंही तेच. त्यावर उपाय करा, मुलाच्या पोटासाठी करा.

मग मी चमचा काढते. स्टीलचा, लहान, बोथट कडेचा. मुलाला जीभ बाहेर काढायला सांगायची आणि जिभेच्या मागच्या भागावरून चमचा अलगद पुढे ओढायचा. फार मागे गेलं तर उमळून येतं, म्हणून हात हलका हवा. चमच्यावर पांढरट-पिवळा चिकट थर येतो. थोडं थांबायचं आणि चमचा आईच्या नाकाजवळ न्यायचा. आईचा चेहरा बघण्यासारखा होतो. इतके दिवस पोटावर घेतलेला संशय तिथल्या तिथे फिटतो. पुष्कळ वेळा आज्जीही वास घेऊन बघते आणि मग तिला स्वतःच्या जिभेची शंका यायला लागते.

जिभेचा मागचा भाग खरखरीत असतो, त्याच्या खाचांत हवा नीट पोचत नाही. हवा नको असलेले जिवाणू नेमके तिथे वस्ती करतात. तोंडाच्या कातडीच्या झडलेल्या पेशी, दुधाचा, मासळीचा उरलेला अंश, नाकामागून घशात उतरलेला शेंबूड यांतली प्रथिनं ते फोडतात. त्यातून गंधकाचे वायू सुटतात. एक हायड्रोजन सल्फाइड, नासक्या अंड्याचा वास ज्याचा असतो तो. दुसरा मिथाइल मर्कॅप्टन, तो त्याहून वाईट. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या जोसेफ टॉनझेटिच यांनी १९७०च्या दशकात हे वायू मोजून दाखवले, तेव्हापासून या विषयाला शास्त्राचा पाया मिळाला. तोंडातले जीव दिसले होते मात्र फार आधी. हॉलंडमधल्या लेव्हेनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६८३ साली दातांवरचा पांढरा थर स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे प्राणी पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. ज्याने जन्मात दात घासले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या तोंडातलंही त्याने तपासलं होतं. त्या म्हाताऱ्याला त्याने कसं पटवलं असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

आमच्याकडे जीभ साफ करायची रीत जुनीच. माडाच्या चुडताचा हीर उभा चिरून, वाकवून त्याने जीभ ओढायची, आंब्याचं पान दुमडून दात घासायचे. चरकसंहितेत तर सोन्याचांदीपासून पितळेपर्यंतच्या जिभल्या सांगितल्या आहेत आणि दात दोन वेळा घासायलाही सांगितलं आहे. घराघरांतून हीर गेला, ब्रश आला, आणि या बदलात जीभ मधल्या मध्ये राहून गेली. लहान मुलाला हीर वापरू नका, त्याची कड लागते. वर्षाच्या आतल्या बाळाला बोटाभोवती ओला मऊ कपडा गुंडाळून पुसणं पुरे. पुढे ब्रशनेच शेवटी दोन-तीन वेळा जीभ झाडायची. रक्त येईपर्यंत खरवडू नये.

चमच्याला वास नसेल तर मी दातांकडे वळते. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत तपकिरी पट्टा दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला: रात्री बाटली तोंडात असते का? असते. दूध, त्यात साखर, आणि बाटली तोंडात ठेवूनच झोप. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, दूध दातांवर तसंच राहतं. मागच्या दाढांचं कारण निराळं. चहात बुडवलेला पाव आणि बिस्किटं. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल पोंपों करत आली की आमच्याकडे वर्षाची पोरंही पावासाठी हात पुढे करतात. त्याला माझी हरकत नाही. पण चहात भिजलेला पाव दाढांच्या खाचेत लगद्यासारखा बसतो, आणि दोन दाढांच्या मधे कीड लागली की तिथे अडकलेला घास दिवस दिवस कुजतो. तो वास चूळ भरून जात नाही. दात भरावा लागतो, फार गेला असेल तर काढावा लागतो.

इथे घरोघर एकच वाक्य ऐकू येतं, दुधाचेच दात, पडणारच आहेत. पुढचे पडतात सहाव्या-सातव्या वर्षी. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ तोपर्यंत तशीच ठेवायची म्हणजे त्या मुलाने निम्मं बालपण एका बाजूने चावायचं.

घासणं कसं, हेही नीट दाखवावं लागतं. मूल स्वतः ब्रश तोंडात फिरवतं तो खेळ. त्याला तो खेळू द्या आणि मग तुम्ही घासा, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. समोर उभं राहून घासायला गेलं तर ते मागे सरकतं. आपण जमिनीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं की वरच्या दाढाही दिसतात. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आत उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ती ब्रशभर लाट विसरा. दिवसातून दोनदा घासायचं आणि त्यातलं रात्रीचं चुकवायचं नाही. रात्री घासल्यावर फक्त पाणी. बाटली एकदम तोडता येत नाही हे मला माहीत आहे. साखर आधी बंद करा, मग दुधात रोज थोडं पाणी वाढवत न्या, पाण्याच्या बाटलीचा मुलालाच कंटाळा येतो.

मशेरीचा विषय इथेच निघतो. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, पण घरातल्या डब्यातली मशेरी कोण बंद करणार? हिरडी शिवशिवते म्हणून बाळाच्या हिरड्यांना मशेरी लावणारी आज्जी मी पाहिली आहे. तंबाखू आहे तो. बोट लावायचं नाही. माउथवॉशही सहा वर्षांच्या आत नको, मूल ते गिळतं. लवंग-वेलची चघळायला दिली तर वास झाकला जातो आणि ती घशात अडकण्याची भीती वाढते.

दात चांगले, जीभ बरी, तरी सकाळी खोली भरून वास? मग रात्री झोपलेल्या मुलाकडे जाऊन बघा. तोंड उघडं आहे का, घोरतं का, उशीवर लाळेचा डाग आहे का. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचं तोंड सुकतं आणि लाळेचं धुण्याचं काम बंद पडतं. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना बुरशी येते, गोधड्या वाळत नाहीत, मुलांची नाकं कायम चोंदलेली असतात. तीन ते सात या वयात नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठीही मोठ्या असतात. हे काम माझं नव्हे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं. टॉन्सिल सुजणं, त्यांच्या खड्ड्यांत पांढरे खडे साचणं हेही त्यांच्याकडचंच. तापाबरोबर हिरड्या लालभडक होऊन रक्त येत असेल, तोंडभर फोड असतील, तर तो बहुधा नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा पहिला हल्ला. आठ-दहा दिवसांत तो उतरतो. तोवर मुलाच्या पोटात पाणी, पातळ पेज जात राहील एवढं पाहायचं, आणि लघवी कमी झाली तर डॉक्टरांना दाखवायचं.

एक मुलगी आठवते, चार वर्षांची. तिच्या जवळ बसलं तरी वास यायचा. दोनदा प्रतिजैविकांचं औषध होऊन गेलेलं, जंतांचं तर कितीदा. तोंडात काही सापडेना. तिचं नाक चिमटीत धरून तिला तोंडाने फुंकायला लावलं, वास नाही. तोंड मिटून नाकाने श्वास सोडायला सांगितला, आणि वास आला. आईला विचारलं, शेंबूड कुठल्या नाकपुडीतून येतो? आई क्षणभर थांबली. "उजव्याच." एका नाकपुडीतून घाण वासाचा, कधी रक्ताळलेला शेंबूड येत असेल तर लहान मुलाने नाकात काहीतरी घातलंय असं धरूनच चालायचं असतं. तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निघाला गादीतला स्पंजाचा तुकडा, काळा पडलेला. वास त्याच दिवशी गेला. चिंचोके, मणी, मटकी, खोडरबराचे तुकडे, काय वाटेल ते मुलं नाकात घालतात. घरी केसाच्या पिनेने ओढायला जाऊ नका, वस्तू आणखी आत जाते. आणि खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटणासारखा सेल गेल्याचा नुसता संशय जरी आला तरी सकाळची वाट पाहायची नाही. तो सेल काही तासांत नाकाच्या आतलं मांस जाळतो.

कांदा-लसणीचा, सुक्या बांगड्याचा वास येतो तो आजार नव्हे. लसणीतला एक गंधकाचा अंश रक्तात उतरून फुप्फुसावाटे बाहेर पडतो, त्याला ब्रश काय करणार? तो आपोआप जातो. उपाशीपोटी उठलेल्या किंवा उलट्या होऊन काही न खाल्लेल्या मुलाच्या श्वासाला किंचित गोडसर वास येतो, तोही पोटात अन्न टिकू लागलं की जातो.

पण एक वास मात्र ओळखून ठेवायला हवा. पिकलेल्या फळासारखा, नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा गोड वास, आणि त्याच्या जोडीला मूल घटाघटा पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं करायला लागलंय, खाऊनही वाळतंय. हा लहानपणी होणारा मधुमेह असू शकतो. शरीराला साखर वापरता येत नाही, म्हणून ते चरबी जाळतं आणि त्यातून निघणारा ॲसिटोन श्वासात उतरतो. उलट्या, पोटदुखी, धापा सुरू झाल्या असतील तर पोट बिघडलं म्हणून ओव्याचं पाणी देत घरी बसू नका. माझ्याकडेही येऊ नका. गाडी काढा आणि म्हापशाचं आझिलो नाहीतर बांबोळीचं इस्पितळ गाठा, आणि पोचल्या पोचल्या रक्तातली साखर तपासायला सांगा.