‘टेनिस एल्बो’ : नाव आणि वास्तव

प्रस्तावना :
सचिन तेंडुलकर यांच्या डाव्या कोपरावर २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी परिचित झाला. त्याबरोबर हा केवळ खेळाडूंचा विकार होय, हा समजही दृढ झाला. वस्तुतः बहुसंख्य रुग्णांचा टेनिसशी काहीही संबंध नसतो.

नावाचा इतिहास :
जर्मन वैद्य रुंगे यांनी १८७३ मध्ये या विकाराचे वर्णन केले, ते लेखनामुळे हाताला होणाऱ्या त्रासाच्या संदर्भात. लॉन टेनिसचे नाव त्यास इंग्लंडमध्ये १८८० नंतरच्या दशकात जोडले गेले. म्हणजेच लेखणीचा संबंध रॅकेटच्या आधीचा आहे.

विकाराचे स्वरूप :
मनगट मागे वळविणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरील उंचवट्यास जोडलेली असते. कपडे पिळणे, पान्याने आवळणे, सतत माऊस वापरणे अशा पुनरावृत्तीच्या कामांनी तिच्यावर ताण येतो. साधारणतः ३५ ते ५५ या वयात हा विकार अधिक आढळतो. कप उचलताना वा हस्तांदोलन करताना कळ येते. निर्शल व पेट्रोन यांनी १९७९ मध्ये दाखविले की, बाधित कंडरेत दाहापेक्षा तंतूंची झीज व विस्कळीतपणा प्रामुख्याने असतो.

उपचारांची दिशा :
यावरून स्टेरॉइड इंजेक्शनची मर्यादा लक्षात येते. त्याने काही आठवडे आराम पडतो. परंतु ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या २०१३ च्या अभ्यासात, वर्षअखेर इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये दुखणे उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. संपूर्ण विश्रांतीही पुरेशी नाही. त्रासदायक हालचाल कमी करून, फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली स्नायूंवरील भार क्रमाक्रमाने वाढविणे हितावह ठरते. बहुतेक रुग्ण सुमारे वर्षभरात बरे होतात. शस्त्रक्रियेची गरज मोजक्यांनाच भासते.

मात्र बोटांना मुंग्या वा बधिरता असल्यास मान अथवा कोपर येथील मज्जातंतूची तपासणी आवश्यक ठरते. फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर जात नसेल व खांदा आखडला असेल, तर तो ‘फ्रोझन शोल्डर’ असू शकतो. मधुमेहींत त्याचे प्रमाण अधिक असते.

समारोप :
नावामुळे विकार परका वाटतो व दुखणे अंगावर काढले जाते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या आणि संगणकावर गुणनोंदी करणाऱ्या अध्यापकवर्गाने हा आपल्याही कामाशी निगडित विकार आहे हे ओळखून वेळीच सल्ला घेणे श्रेयस्कर होय.