पिकअपची चाकं आणि बाबांचा पाना

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरी पिकअप आली. बेळगावात आमचं घर, खानापूर तालुक्यात थोडी शेती, आणि आत्या म्हापशाला. त्यामुळे गाडी अशी हवी होती, की एरवी बाबा तिच्या हौद्यात खताची पोती आणि काजूची रोपं नेतील आणि सणावाराला सगळं घर चोर्ला घाटातून गोव्याला जाईल. मी बंगळूरला सॉफ्टवेअर इंजिनिअर. शुक्रवारी रात्रीची बस पकडून घरी येतो. गाडीचे निम्मे हप्ते मी भरतो, म्हणून गाडीवर निम्मा हक्क माझा, असं मी गृहीत धरलं होतं.

या हक्काने मी पहिलं काम काढलं ते चाकं बदलण्याचं. कंपनीचे टायर मला सपक वाटत होते. पिकअप म्हटली की मोठी बटणं असलेले टायर, काळ्या रिम आणि चाकं थोडी बाहेर आलेली, असं चित्र डोक्यात पक्कं बसलं होतं.

बाबांनी ३१ वर्षं सरकारी बस चालवली. ते एवढंच म्हणाले, "नव्या गाडीचे नवे टायर काढून दुसरे नवे टायर घालायचे, हे कुठलं गणित रे?" मी त्यांना लॅपटॉपवरचा तक्ता दाखवला. त्यात किंमत होती, रंग होता, फोटो होते. बाबांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाले, "यात वजन कुठे लिहिलंय?" मी ते हसण्यावारी नेलं.

सव्वा लाखाच्या वर खर्च झाला. गाडी दिसायला मात्र झकास झाली. गल्लीतल्या पोरांनी तिच्यासोबत फोटो काढले.

जुलैत आम्ही म्हापशाला निघालो. मागे आई, बायको आणि चार वर्षांची लेक. बाबा माझ्या शेजारी. जांबोटी सोडलं आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. कणकुंबी जवळ आली, तेव्हा बाबा अचानक म्हणाले, "थांबव."

"का? काय झालं?"

"थांबव म्हटलं ना. मागून डावीकडून आवाज येतोय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. गाणी चालू होती, वर टपावर पाऊस. बाबा भर पावसात उतरले, मागच्या डाव्या चाकाशी वाकले आणि मला हाक मारली. सहापैकी दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. बाकीचे चारही सैल होते. पुढे घाटाचा उतार होता.

बाबांनी पाना मागितला. समोरासमोरचे नट एकाआड एक घेत सगळे आवळले, मग बाकीच्या तीन चाकांचेही तपासले. बोलले काहीच नाहीत. आम्ही तीसच्या वेगाने कणकुंबीत आलो, चहा घेतला, पुन्हा नट तपासले आणि आत्याला फोन करून बेळगावला परत फिरलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. मागच्या सीटवर कोण कोण होतं, तेच डोळ्यांसमोर येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता नव्याने मांडला. या वेळी बाबा शेजारी बसले होते. तुमच्यापैकी कुणी पिकअप, जीप किंवा एसयूव्हीची चाकं बदलायच्या विचारात असेल, तर हा दुसरा तक्ता उपयोगी पडेल.

माप वाचायला शिका

आमच्या गाडीचं मूळ माप २५५/६० आर १८. म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, आणि रिम १८ इंची. यावरून चाकाचा पूर्ण व्यास निघतो ७६३ मिलिमीटर. मी घातलेलं माप होतं २६५/६५ आर १८. त्याचा व्यास ८०२. फरक पाच टक्क्यांचा. काट्यावर १०० दिसत असताना गाडी खरं तर १०५ ने पळत होती. गाडीची उंची किती वाढली? फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटर. तेवढ्यासाठी इंजिनाला जड चाक ओढावं लागत होतं आणि ब्रेकला ते थांबवावं लागत होतं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या मडगार्डला घासायचा, ते वेगळंच. व्यास मूळ मापाच्या अगदी जवळ ठेवायचा, हा पहिला नियम.

वजनाचा आकडा

बाबांचा प्रश्न बरोबर होता. मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा सांगतो की एक टायर किती भार पेलेल. ११० म्हणजे १०६० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. अक्षर सांगतं वेगाची मर्यादा, जसं एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. हौद्यात माल भरणाऱ्या गाडीला कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर कधीच घालू नये. मूळ माप आणि हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. मी तो स्टिकर तोवर वाचलाच नव्हता.

रिम बसते कशी

रिम घेताना आपण नक्षी बघतो. बघायच्या असतात चार गोष्टी. पहिली, नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. बऱ्याच पिकअपना सहा नट आणि १३९.७ मिलिमीटर असतं. दुसरी, मधलं भोक. ते हबवर नेमकं बसायला हवं. मोठं असेल तर मध्ये योग्य मापाची रिंग लागते. आमच्या नव्या रिमचं भोक मोठं होतं आणि रिंग घातलीच नव्हती, त्यामुळे चाक हबवर नीट मधोमध बसलंच नव्हतं. तिसरी, नटाचा आकार. नटाची टेकणारी बाजू शंकूसारखी आहे, गोल आहे की सपाट, ते रिमच्या भोकाशी जुळलं पाहिजे. चौथी, ऑफसेट. रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी जागा यांतलं ते अंतर. ते कमी केलं की चाक बाहेर येतं. माझी चाकं ३० मिलिमीटर बाहेर आली होती. दिसायला दणकट, पण बेअरिंगवर ताण जास्त आणि दारांवर तांबड्या चिखलाचा सडा.

शिवाय भोकं जुळली म्हणजे रिम चांगली, असंही नाही. रिमच्या आतल्या बाजूला आयएसआय, जेडब्ल्यूएल, व्हीआयए असे चाचणीचे शिक्के आणि किती भार पेलेल तो आकडा कोरलेला आहे का ते पाहावं. तडा गेलेली अलॉय रिम वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये.

रस्ता कोणता?

मड टेरेन म्हणजे मोठ्या बटणांचा टायर. खोल चिखलात उत्तम, पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी आणि आवाज फार. हायवे टेरेन डांबरावर शांत, चिखलात मात्र फिरत बसतो. ऑल टेरेन या दोघांच्या मधला. आम्ही बसून हिशेब केला, तर गाडीचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर आणि शेवटचे दोन किलोमीटर शेतातले निघाले. त्या दोन किलोमीटरसाठी मी ओल्या घाटातली पकड घालवून बसलो होतो.

पाचवं चाक विसरू नका

मी चारच टायर घेतले होते. स्टेपनी जुन्याच मापाची राहिली. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत हे फार धोक्याचं. चार चाकांचे व्यास वेगवेगळे असले आणि फोर व्हील लावलं, तर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. घ्यायचे तर पाच टायर, एकाच मापाचे. टायरच्या कडेवर डीओटीनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. बाहेर आलेली, मोठी चाकं त्यात अडकू शकतात. जास्तीचा सामान बसवला असेल तर तो विमा कंपनीला आधी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्यावा, नाहीतर नुकसानभरपाईच्या वेळी वाद होतो.

शेवटी काय केलं?

त्या रिम मी तोट्यात विकल्या. कंपनीच्या मूळ रिमवर मूळ मापाचे, योग्य भाराचे पाच ऑल टेरेन टायर बसवले. दुकानदाराने हवेच्या बंदुकीने नट आवळल्यावर बाबांनी त्याला टॉर्कचा पाना आणायला लावला आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर प्रत्येक नट आवळून घेतला. अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. पुढच्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. पहिल्या वेळी ते ना दुकानात कुणी सांगितलं, ना मला सुचलं. आमच्या धंद्यात अपडेट टाकलं की चाचणी घेतो. इथे सगळं घर गाडीत बसवून मी विनाचाचणी निघालो होतो.

गणपतीत आम्ही पुन्हा म्हापशाला निघालो. कणकुंबीला मी स्वतःहून गाडी बाजूला घेतली, पाना काढला आणि चारही चाकांचे नट तपासले. सगळे घट्ट होते. बाबा खिडकीतून बघत होते. मी परत येऊन बसलो तर म्हणाले, "गाणी लाव आता. पण आवाज जरा बारीक ठेव."