'आर'मध्ये सेव्ह केलेलं फंक्शन दुसऱ्या दिवशी का चालत नाही?

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपासून साथरोग अभ्यासकांपर्यंत अनेक जण आकडेमोडीसाठी 'आर' ही मोफत संगणकभाषा वापरतात. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती तयार केली. एकच आकडेमोड लाखो वेळा करायची असेल, तर मात्र 'आर' संथ पडते. म्हणून तेवढा भाग 'सी प्लस प्लस'मध्ये लिहून 'आरसीपीपी' या पॅकेजच्या मदतीने कंपाइल केला जातो. म्हणजेच प्रोसेसरला थेट कळणाऱ्या मशीन कोडमध्ये त्याचं रूपांतर होतं.

फंक्शन झटपट चालतं. संध्याकाळी सगळं सेव्ह करून संगणक बंद होतो. सकाळी यादीत फंक्शनचं नाव दिसतं, पण चालवायला गेलं की एरर येतो. असं का होतं?

सेव्ह नेमकं काय होतं?

'आर'मध्येच लिहिलेलं फंक्शन सेव्ह केलं की त्यातल्या सगळ्या सूचना फाइलमध्ये जातात. २०१७ मध्ये आलेल्या ३.४.० आवृत्तीपासून 'आर' अशी फंक्शन्स वापरताना आपोआप बाइटकोडमध्ये कंपाइलही करते. ती पुन्हा चालवायला अडचण येत नाही.

'सी प्लस प्लस'मधल्या फंक्शनचा मशीन कोड मात्र वेगळ्या लायब्ररी फाइलमध्ये असतो. 'आर'कडे असतो तो त्याचा मेमरीतला पत्ता. 'आर' बंद झाली की हा पत्ता निरुपयोगी होतो. लायब्ररी फाइलही एरवी तात्पुरत्या फोल्डरमध्ये असल्याने पुसली जाते. घर पाडल्यावर हातात पत्त्याची चिठ्ठी उरावी, तसंच हे.

मग उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे 'सोर्ससीपीपी' या कमांडला कॅशसाठी कायमचं फोल्डर नेमून देणं. कमांड दर वेळी द्यावी लागते, पण कोड बदललेला नसेल तर पुन्हा कंपाइल करण्यात वेळ जात नाही.

दुसरा, अधिक भक्कम उपाय म्हणजे स्वतःचं छोटं पॅकेज बनवणं. ते इन्स्टॉल होताना एकदाच कंपाइल होतं. पुढे पॅकेज लोड केलं की 'आर' नवा पत्ता स्वतःच शोधते.

विंडोजवर तयार झालेली लायब्ररी फाइल लिनक्सवर चालत नाही. त्यामुळे मूळ कोडची फाइल जपणं दोन्ही उपायांत गरजेचं आहे. शोधनिबंधातले आकडे वर्षभराने कुणी तपासायला मागितले, तर फक्त सेव्ह केलेल्या फाइलवर विसंबलेल्या संशोधकाकडे उत्तरं असतील, पण ती कशी काढली हे दाखवणारं फंक्शन नसेल.