शेवटच्या चारीपर्यंत

पाटाखाली शेती असलेल्या कुणालाही विचारा, 'टेलचा शेतकरी' म्हणजे काय ते तो लगेच सांगेल. धरणातून निघालेला पाट सुरुवातीला तुडुंब असतो. मुखाजवळचे लोक पाहिजे तेवढं पाणी घेतात, त्यांचा ऊस डोक्याच्या वर जातो. आणि शेवटच्या चारीवरचा माणूस भेगाळलेल्या सरीत उभा राहून पाळीची वाट बघतो. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा नीरा कालव्यावर हेच चाललं होतं, आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातला एक कानडी इंजिनिअर ते रोज बघत होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्यांनी काढलेला तोडगा 'ब्लॉक पद्धत' म्हणून ओळखला जातो. प्रत्येक गावात जमिनीचा एक सलग तुकडा ठरवायचा. त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस लावायचा, उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिकं घ्यायची, आणि ही पिकं दर काही वर्षांनी फिरवायची. पाणी तेवढंच, पण ते जास्त गावांत पोचतं. मुखाकडच्यांना हे आवडलं नाही. वर्तमानपत्रांतूनही विरोध झाला.

मला या माणसाचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. पाण्याचा हा हिशेब त्यांनी पुढे शाळांना लावला.

विश्वेश्वरय्या मूळचे चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचे. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन ते आपला खर्च भागवत. 1881 साली बी.ए. झाले. इंजिनिअर व्हायचं होतं, पण म्हैसूर संस्थानात त्यासाठी कॉलेजच नव्हतं. मग संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. हेच आपलं सीओईपी. 1883 साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी नाशिकला नोकरीवर रुजू झाले. तिथून धुळ्याकडे, खानदेशात. आयुष्याची उमेदीची वीस-पंचवीस वर्षं त्यांनी याच इलाख्यात काढली.

खडकवासल्याचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे 1903 सालचे. सांडव्यावर दरवाजे बसवले की धरणात जास्त पाणी साठतं, हे कुणालाही कळतं. पण भर पावसात, मध्यरात्री, पूर चढत असताना ते उघडायचे कुणी? विश्वेश्वरय्यांनी ते काम पुरालाच दिलं. दरवाजे वजनांनी तोललेले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की त्याच्याच जोराने तोल ढळतो आणि दरवाजा उघडतो; पातळी उतरली की आपोआप मिटतो. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. एकदा नीट मांडणी केली की यंत्रणेने स्वतःच चालावं, हा त्यांचा ध्यासच होता.

याच पुण्यात त्यांची ऊठबस रानडे, गोखले यांच्यासारख्यांत होती. 1898 साली ते जपानला जाऊन आले आणि तिथे खेड्यापाड्यांत मुलं शाळेत जाताना पाहून थक्क झाले. गोखल्यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मार्च 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले, आणि 1913 साली म्हैसूरने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. निवडक भागांत ते सक्तीचं करण्याची वाट त्याने उघडली. केंद्रात जे पडलं ते एका संस्थानात उभं राहिलं. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो.

त्याआधी 1911 साली म्हैसूरमध्ये अर्थपरिषद सुरू झाली होती. शेती आणि उद्योग-व्यापार यांच्या जोडीला शिक्षणाचीही समिती त्यातच. शाळा म्हणजे दानधर्म नव्हे, ती संस्थानाच्या उत्पन्नाची बाब आहे, असं या मांडणीतच आलं. दिवाणपदाच्या सहा वर्षांत संस्थानातल्या शाळा साडेचार हजारांच्या आसपास होत्या त्या अकरा हजारांच्या घरात गेल्या. विद्यार्थी सुमारे 1 लाख 40 हजारांवरून साडेतीन लाखांच्या वर. 1913 साली हेब्बाळला शेतकी शाळा निघाली, आणि 1916 साली म्हैसूर विद्यापीठ, देशी संस्थानातलं पहिलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. शाळा वाढल्या तरी सरकारी नोकऱ्यांवर ब्राह्मणांचाच वरचष्मा राहिला. इतरांना जागा राखून द्याव्यात का, हे ठरवायला महाराजांनी 1918 साली न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमली. विश्वेश्वरय्यांचा याला विरोध होता. आधी शिक्षण पसरू द्या, नोकरी गुणवत्तेवरच द्या, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडलं. नुसतं पाणी सोडलं की मुखाकडचेच ते घेतात, म्हणून वाटा आधी ठरवून द्यावा लागतो, हे नीरेच्या काठी त्यांनी स्वतः सगळ्यांना पटवलं होतं. तोच हिशेब नोकऱ्यांना लावायला ते तयार झाले नाहीत. संस्थानाने पुढे समितीच्या शिफारशी स्वीकारल्या.

दिवाणपद सोडण्याच्या आदल्या वर्षी, 1917 साली, त्यांनी बंगळुरूत इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. विधानसौधच्या जवळ, के. आर. सर्कलला ते अजून चालू आहे, त्यांच्याच नावाने. समोरून दिवसभर बसगाड्या वाहतात. दप्तरं पाठीला लावलेली पोरं रस्ता ओलांडून फाटकातून आत शिरतात. चिक्कबळ्ळापूरच्या एखाद्या मुलाला आता इंजिनिअर होण्यासाठी पुण्यापर्यंत यावं लागत नाही.